कुणाचा रे तू?

गावाच्या पारावर अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कुणाचा रे तू?" पोराचं स्वतःचं नाव नंतर. आधी बापाचं, मग आळीचं, मग आजोळचं. दोन-चार प्रश्नांत पोराचा ठावठिकाणा लागतो आणि पोरही निर्धास्त होतं, कारण त्या गावात ते कुणाचं तरी असतं. हेच पोर बारावी होऊन पुण्याच्या, नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या वसतिगृहात येऊन उतरतं. हातात चाकांची बॅग, नवी बादली, गुंडाळलेली गादी, आईनं बांधून दिलेला चिवड्याचा डबा. वडील फाटकाशी थोडे रेंगाळतात, खिशातल्या दोन नोटा त्याच्या हातात कोंबतात आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघतात. पुढच्या सात दिवसांत तोच प्रश्न त्याला निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. आडनाव काय? गाव कुठलं? मराठी मीडियम का? सीईटीला किती? कितव्या राउंडला नंबर लागला? प्रश्न गावातलाच आहे, पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पारावरच्या म्हाताऱ्याची ओळख नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी एक कार्यक्रम आखून दिला. त्याचं नाव 'दीक्षारंभ'. सरकारी कागदावर हा शब्द सहज येऊन बसला असेल, पण तो हलका नाही. वैदिक यज्ञात यजमानाला आधी दीक्षा घ्यावी लागे. ऐतरेय ब्राह्मणानं तिचा लावलेला अर्थ विलक्षण आहे. दीक्षा घेणारा माणूस पुन्हा गर्भ होतो. त्याला बसवायची झोपडी म्हणजे गर्भाशय, अंगावरचं वस्त्र म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण. अथर्ववेदातलं ब्रह्मचर्यसूक्त याच्याही पुढे जातं. आचार्य नव्या शिष्याला तीन रात्री स्वतःच्या उदरात वागवतो आणि तो जन्मला की त्याला पाहायला देव गोळा होतात, अशी कल्पना तिथे आहे. मुलाला घरापासून तोडून परक्याच्या हाती सोपवताना त्या समाजाला गुरूसाठी उपमा सुचली ती गर्भार बाईची.

फ्रान्समध्ये काम करणाऱ्या आर्नोल्ड व्हान गेनेप या मानवशास्त्रज्ञानं १९०९ साली जगभरच्या संस्कारविधींचा एक समान सांगाडा दाखवून दिला. आधी जुन्यापासून तुटायचं, मग काही काळ उंबरठ्यावर थांबायचं, शेवटी नव्यात सामावून जायचं. मुंज असो, लग्न असो की आदिवासी मुलांचा वयात येण्याचा विधी असो, पायऱ्या याच. कॉलेजचा पहिला आठवडा हा असा उंबरठ्यावरचा काळ आहे. घर मागे पडलेलं असतं, खोली अजून आपली झालेली नसते. रात्री दिवा मालवल्यावर छतावरच्या पंख्याचा आवाजसुद्धा परका वाटतो. धर्म आणि तत्त्वज्ञान यांनी फार पूर्वीपासून हाताळलेला एक प्रश्न त्या खोलीत अठरा वर्षांच्या मुलासमोर उभा राहतो. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे आपण कोण? नवा जन्म घ्यायचा तर जुन्याचं काय करायचं?

या प्रश्नाची भारतातली एक फार जुनी आणि धारदार गोष्ट छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि ती गोष्ट एका विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसाचीच आहे. सत्यकामाला शिकायला जायचंय. तो आईला, जबालेला, आपलं गोत्र विचारतो, कारण गुरू ते विचारणार हे त्याला ठाऊक आहे. आई काही लपवत नाही. तरुणपणी ती ठिकठिकाणी सेवा करत हिंडली, त्याच काळात तो तिला झाला, गोत्र तिला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असं सांग, असं ती म्हणते. मुलगा हारिद्रुमत गौतमाकडे जातो. गौतम गोत्र विचारतोच. आणि मुलगा आईचं बोलणं जसंच्या तसं गुरूसमोर ठेवतो.

त्याला खोटं बोलता आलं असतं. परक्या ठिकाणी कुठलं तरी भारदस्त गोत्र सांगून टाकलं असतं तर तपासायला कोण जाणार होतं? पहिल्या आठवड्यात हा मोह आजही प्रत्येकाला होतो. बापाचा धंदा थोडा मोठा करून सांगायचा, गावाऐवजी जवळच्या शहराचं नाव घ्यायचं, घरची भाषा जिभेखाली दाबायची. सत्यकाम तसं करत नाही. गौतम ऐकतो, तू सत्यापासून ढळला नाहीस म्हणतो आणि समिधा घेऊन ये असं सांगतो. प्रवेश झाला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण गौतम आणखी एक गोष्ट बोलून जातो. इतकं सरळ बोलणं ब्राह्मणाखेरीज कुणाला जमणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. परंपरेत याचे दोन अर्थ झाले आणि ते एकमेकांच्या नेमके उलट आहेत. जो खरं बोलतो तोच ब्राह्मण, मग त्याचा जन्म कुठेही होवो, हा एक अर्थ. खरं बोलला त्या अर्थी तो ब्राह्मणाच्याच पोटचा असणार, हा दुसरा. पहिल्या अर्थानं दार उघडतं. दुसऱ्या अर्थानं सत्य हा जन्माचा निव्वळ पुरावा होतो आणि दार तसंच बंद राहतं. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असं ठरवणारं जे प्रकरण आहे, त्यात हीच गोष्ट आधाराला घेतली आहे. मुलगा शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच गौतमानं त्याला जवळ केलं, असं सूत्रकाराचं म्हणणं, आणि शंकराचार्यांचं भाष्यही त्याच वाटेनं जातं. बापाचं नाव नसलेल्या एका मुलाचं धैर्य हजारो मुलांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलं गेलं.

महाराष्ट्रात या दुसऱ्या अर्थाशी झुंज देणारी एक बाई होऊन गेली. संत बहिणाबाई, जन्म १६२८. ब्राह्मण घरातल्या या स्त्रीनं तुकोबांना गुरू मानलं, तेही स्वप्नातल्या अनुग्रहानं, आणि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. ब्राह्मण कुणाला म्हणावं याची चिकित्सा करणारी 'वज्रसूची' तिनं अभंगांत आणली. ब्राह्मणपण जिवात आहे का, देहात आहे का, जन्मात आहे का, असं एकेक तपासत जाणारा तो ग्रंथ आहे. त्या काळात बाईनं हा विषय मराठीत आणावा, यातच गौतमाच्या बोलण्याचा पहिला अर्थ जिवंत राहिला.

बौद्ध परंपरेनं हा पेच दुसऱ्या बाजूनं सोडवला. विनयपिटकात शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाल्याची हकिगत आहे. त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी बुद्धाला विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या. संघात ज्याची दीक्षा आधी तो ज्येष्ठ, म्हणजे आता राजपुत्रांना आपल्याच न्हाव्यापुढे वाकावं लागणार होतं. शाक्यांचा गर्व उतरावा म्हणूनच त्यांनी हे मागून घेतलं. याच विनयात उपाध्यायानं नव्या भिक्षूला मुलासारखं मानावं, आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी, पात्र-चीवर नसेल तर त्याची सोय पाहावी, असे नेम घालून दिलेले आहेत. नव्यानं जुन्याची सेवा करावी हे तर आहेच, पण जुन्यानंही नव्याची करावी, हे तितक्याच तपशिलानं लिहून ठेवलंय.

रॅगिंग करणारे गर्व उतरवण्याची नेमकी हीच भाषा वापरतात. नव्यांचा अहंकार उतरवायचा, सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, ओळख करून घ्यायची. पण शाक्य राजपुत्रांनी आपला गर्व आपण होऊन खाली ठेवला; कुणी त्यांची मान धरून वाकवली नव्हती. रॅगिंगमध्ये दीक्षेचा सांगाडा उरतो आणि तीन रात्री पोटात वागवणारा आचार्य नाहीसा होतो. महाराष्ट्रात १९९९ पासून याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर कॉलेजातून काढलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभर लागू असलेले नियम २००९ चे आहेत आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलानं हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा. कायदा छळ थांबवू शकतो. नव्या मुलाला आपलंसं करणं मात्र माणसांनाच करावं लागतं.

आपलंसं होणं म्हणजे काय, हे आधुनिक काळातल्या तीन विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवसांवरून चांगलं कळतं.

पहिला काठियावाडचा. भावनगरच्या सामळदास कॉलेजात त्याला शिकवलेलं काही समजेना आणि एक सत्र काढून तो घरी परतला. मग विलायतेला जायचं ठरलं. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहीन अशी शपथ एका जैन साधूसमोर घेतल्यावरच आईनं परवानगी दिली. मुंबईत मोढ वाणी जातीच्या पंचायतीनं त्याला जातीबाहेर टाकलं आणि त्याला निरोप द्यायला धक्क्यावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला. 'कुणाचा तू' या प्रश्नाला जातीनं दिलेलं उत्तर होतं, आमचा नाही. १८८८ च्या ऑक्टोबरअखेरीस तो लंडनला पोचला आणि ६ नोव्हेंबरला इनर टेंपलमध्ये त्याचं नाव नोंदलं गेलं. सुरुवातीच्या रात्री घरच्या आठवणीनं त्याचे डोळे गळत. घरमालकीण वाढेल तेवढे पावाचे दोन-तीन तुकडे खाऊन तो उठे, आणखी मागायची लाज वाटे. पुढे पायी भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली. तिथे हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेऊन त्यानं वाचलं, आणि आईसाठी पाळलेली शपथ त्या दिवसापासून मोहनदास गांधींची स्वतःची निवड झाली. आपण इतके दिवस वचनात अडकलो होतो, आता पटलं म्हणून पाळतो, हा फरक त्यांनी आत्मकथेत स्पष्ट नोंदवला आहे. घरून आणलेलं टाकायचं की जपायचं याचं हे एक उत्तर आहे. ते आधी सांभाळायचं, मग स्वतः तपासायचं, आणि पटलं तर नव्यानं आपलं म्हणायचं.

दुसरी कल्याणची. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यू यॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितलं होतं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातलं १० ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र आज जगभर पाहिलं जातं. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली शेजारी शेजारी आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या कॉलेजानं यांना वैद्यकी शिकवताना कुणाची साडी किंवा किमोनो उतरवायला लावला नाही.

तिसऱ्याचं उत्तर मात्र या दोघांहून निराळं आहे, कारण त्यानं घरून जे आणलं होतं ते जपण्यासारखं नव्हतं. समाजानं ते त्याच्यावर लादलं होतं. साताऱ्याच्या शाळेत तो स्वतःचं गोणपाट घेऊन जाई, त्यावर बसे आणि संध्याकाळी ते घरी परत आणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. हाच मुलगा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पहिला आठवडा त्यानं हार्टले हॉल या वसतिगृहात काढला. तिथलं जेवण त्याला रुचेना, गोमांसही असे. म्हणून तो काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेला आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर स्थिरावला. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिल्या आठवड्यात खोली बदलणं, मेस बदलणं, मग एक मित्र मिळणं, हे सगळं आजच्या कुठल्याही विद्यार्थ्यासारखंच. फरक एवढाच की भीमराव आंबेडकरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'कुणाचा तू' असं विचारत नव्हतं. विचारलं तरी उत्तर ऐकून ताट बाजूला सरकवत नव्हतं.

१९१७ साली ते बडोद्यात नोकरीला रुजू व्हायला आले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. बडोद्याला उतरल्यावर राहायचं कुठे हा प्रश्न आला आणि ती जाणीव परत आली. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. सत्यकामाला खरं सांगितल्यावर जागा मिळाली. आंबेडकरांना खरं सांगून जागा मिळणारच नव्हती. सत्याचं सगळं ओझं नव्या मुलाच्या डोक्यावर ठेवून गुरूनं, संस्थेनं आणि शेजाऱ्यानं परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं, ही वाटणी अधर्माची आहे. नव्यानं सत्य सांगावं अशी अपेक्षा करायची असेल, तर सत्य सांगूनही तो सुरक्षित राहील याची हमी आधी जुन्यांनी द्यायला हवी.

महाराष्ट्रात ही हमी वसतिगृहांनी दिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, कारण खेड्यातून आलेल्या मुलाचं शिक्षण फीपेक्षाही राहण्या-जेवण्यापाशी अडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी हजर राहिला. परतल्यावर विटाळ धुवायला आंघोळ करायला त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे त्यांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर रांधत आणि एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून मुलांच्या जेवणाची सोय केली. १९२७ साली या वसतिगृहाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव गांधीजींच्या हस्ते मिळालं. लंडनमध्ये आणखी पाव मागायला लाजणारा मुलगा आता साताऱ्याच्या पंगतीसमोर उभा होता.

हा इतिहास झाला, पण प्रश्न संपलेला नाही. २०२३ च्या जुलैत मुंबईच्या आयआयटीनं भेदभावाविरुद्ध सूचना काढल्या. त्यात एकमेकांची जात किंवा प्रवेशाचा प्रवर्ग विचारू नये असं होतंच, पण जेईईतली रँक किंवा गेटचे गुणही विचारू नयेत, असं स्पष्ट म्हटलं होतं. कारण रँक विचारणं ही अनेकदा जात विचारण्याचीच आडवाट असते. गौतमानं गोत्र विचारलं, आज रँक विचारतात. शब्द बदलला, चाचपणी तीच.

मग पहिल्या आठवड्यात काय विचारावं? तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, ब्रह्म शिकवा म्हणतो. वडील त्याला तप करायला लावतात. तपातून भृगूच्या हाती येणारं पहिलं उत्तर असतं अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या चढतो, पण सुरुवात पोटापासूनच होते. त्याच उपनिषदात, आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये, असं व्रत सांगितलं आहे. गांधी, आंबेडकर आणि साताऱ्याची मुलं, तिघांच्याही पहिल्या दिवसांत पोटाचा प्रश्न किती वर आहे! नव्या जागी जीव रमतो की नाही, हे बहुतेक वेळा व्याख्यानाच्या हॉलमध्ये ठरत नाही. ते मेसच्या बाकावर ठरतं. कोण सरकून जागा देतं आणि कोण पाहूनही ताटात मान घालतं, यावर ठरतं.

म्हणून आज पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की सत्यकामासारखं सांगा. आईचं नाव, गावाचं नाव, घरची बोली, काही लपवू नका. आणि ते ऐकून ज्यानं तोंड फिरवलं त्याच्या पंगतीत बसायची घाई करू नका. वॉर्डन, प्राध्यापक, मेस चालवणाऱ्या मावशी आणि विशेष करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली यांना मात्र कळकळीची विनंती आहे. तुम्ही या घरात आधी आलात, म्हणून यजमान तुम्ही आहात. या जुलै-ऑगस्टमध्ये बादली आणि गादी घेऊन जिन्यात गोंधळून उभं असलेलं कुणी दिसलं, तर पहिल्या संध्याकाळी आडनाव, टक्के आणि रँक राहू द्या. "जेवलास का?" "जेवलीस का?" एवढं विचारा, आणि नाही म्हणाले तर आपल्या शेजारी बसवून घ्या.